एका काडतुसाची बंदूक आणि तीन दुर्बिणी

आमच्या मल्लेश्वरमच्या घरात एक जुनी बंदूक होती, मामंजींनी बेळगावाहून आणलेली. एका वेळी एकच काडतूस घेणारी. खालचा दांडा ओढला की वर एक खाच उघडायची, तीत बोटाने काडतूस सरकवायचं, दांडा मिटायचा, चाप ओढायचा, की पुन्हा पहिल्यापासून सगळं. रविवारी सकाळी आमचे हे ती घेऊन हेब्बाळच्या पलीकडच्या माळावर नेमबाजीच्या क्लबात जात. नव्या बंदुका मिरवणारे यांचे दोस्त तिला 'एकघाशी' म्हणत. यांना राग येत नसे. माणसाने एकच घास घ्यावा पण नीट चावून खावा, असं म्हणून हे शांतपणे पुढचं काडतूस भरत.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर कधीतरी यांचे नेम चुकायला लागले. बंदुकीच्या टोकाला नेम धरण्यासाठी बारीकसा खुंट असतो, त्याला माशी म्हणतात. ती माशी झिजलीय, असं यांचं म्हणणं. मामंजींच्या हातात जन्मभर न झिजलेली लोखंडाची माशी यांच्या हातात एका वर्षात कशी झिजली, असं मी विचारलं. "तुला त्यातलं काय कळतंय?" एवढंच उत्तर मिळालं. मग हे चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला लागले. दोन कप फुटले, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माशी शिंकली होती ती बंदुकीत नव्हे. पण डोळ्याच्या डॉक्टरचं नाव काढलं की घरात दिवसभर अबोला. मामंजींचे, म्हणजे यांच्या अप्पांचे, दोन्ही डोळे गेले होते आणि त्यांची शेवटची वर्षं यांनी त्यांचा हात धरून काढली होती. यांना भीती वाटत होती. घाबरलेल्या माणसाइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी यांनीच तोडगा काढला. बंदुकीला दुर्बीण बसवायची, म्हणजे माशीची कटकटच नको. कँटोन्मेंटच्या बाजूला बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा दुकानदार यांच्या ओळखीचा होता. परदेशी वस्तू तेव्हा मिळणं मुश्किल. साहेब लोक जाताना विकून गेलेल्या तीन दुर्बिणी त्याच्याकडे पडून होत्या. हे नको नको म्हणत असताना मीही बरोबर गेले.

पहिली दुर्बीण बारीक आणि लांबलचक, जवळजवळ बंदुकीच्या नळीएवढी. जुन्या बंदुकीवर ती शोभूनही दिसत होती, आणि यांचं मन तिच्यावरच बसलं. दुसरी आखूड, गलेलठ्ठ, चकचकीत भिंगाची. पण ती बंदुकीवर धरली की काडतुसाची खाच झाकली जाई आणि बोट शिरायला जागाच उरत नसे. तिसरी ओरखडे पडलेली. लांबचं फारसं जवळ आणत नव्हती, पण उंच लोखंडी कड्यांवर बसत असल्याने खालची खाच मोकळी राहत होती.

"समोरच्या दुकानाची पाटी वाचून बघा सार," म्हातारा म्हणाला.

यांनी डावा डोळा मिटून उजव्याला लांबडी लावली. "उत्तम सूट शिवून मिळतील. वेळेवर व खात्रीने," हे धडाधड वाचत सुटले. मग दुसरीतून तेच वाचलं. तिसरीतूनही तेच. "तिन्ही झकास आहेत, पण लांबडीची सर नाही कुणाला!"

"अम्मा, तुम्ही पण स्वल्प नोडी, जरा बघा," म्हणत म्हाताऱ्याने तिसरी माझ्या हातात ठेवली. मी बघितलं. समोरच्या पाटीवर एक भलंमोठं घड्याळ रंगवलेलं होतं आणि खाली घड्याळदुरुस्तीचा मजकूर होता. शिंपी दसऱ्यालाच गाशा गुंडाळून होसकोटेला गेला होता. त्याच्याकडून मुलाचा कोट सोडवून आणायला मीच आले होते. हे मात्र दुर्बिणींच्या नादात समोर न बघताच दुकानात शिरले होते, आणि वर्षानुवर्षं पाहिलेली पाटी तोंडपाठ म्हणत होते.

माझ्या जिभेला हाड नाही, असं सासरी सगळे म्हणत. त्या दिवशी ती टाळ्याला चिकटली. म्हातारा माझ्याकडे न बघता स्वच्छ असलेलंच भिंग पुसायला लागला.

"अहो, एकदा डाव्या डोळ्यानं बघा."

"डाव्या डोळ्यानं कुणी नेम धरतं का?"

"माझ्यासाठी बघा की."

यांनी तिसरी डाव्या डोळ्याला लावली. पाटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सावकाश फिरवली. मग दुर्बीण खाली घेऊन अगदी बारीक आवाजात म्हणाले, "शिंपी कुठं गेला गं?"

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूही आलं, परक्या माणसासमोर, भर दुपारी. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

हे स्टुलावर बसले. "उजव्यानं सगळं दूध सांडल्यागत दिसतंय," म्हणाले. "अप्पांचं असंच सुरू झालं होतं." माझ्याशी, की स्वतःशी, कुणास ठाऊक. थोड्या वेळाने उठून यांनी बंदूक डाव्या खांद्याला लावून बघितली. दोस्तांच्या नव्या बंदुकांना उजव्या बाजूला काडतूस भरायचा खटका असे, डावरा माणूस तिथे अडला असता. आमच्या एकघाशीचा दांडा खाली मधोमध. तिला डावं-उजवं सारखंच. लांबडीतून डाव्या डोळ्यालाही अंधूकच दिसलं आणि तिच्यावर बसलेलं यांचं मन उठलं. तिसरीत उजेड भरपूर होता. "सरी, ठीक आहे, हीच द्या," हे म्हणाले.

त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही जाऊन आलो. उजव्यात मोतीबिंदू होता. पिकल्याशिवाय काढता येणार नव्हता. डावा तूर्त चांगला होता, पुढचं कुणी सांगत नव्हतं.

रविवारी मी पहिल्यांदाच माळावर गेले आणि यांच्या उजवीकडे जरा मागे उभी राहिले. यांनी डाव्या खांद्याला बंदूक लावली तशी दोस्तमंडळी आपसांत कुजबुजली. बार निघाला. गोळी कागदाच्या कडेलाही शिवली नाही. मी काहीतरी गोड बोलणार, तेवढ्यात यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"अगं, तिकडं उभी राहू नकोस. त्या बाजूची तू मला दिसत नाहीस. इकडं ये."

कुजबुज थांबली. मी मागून वळसा घालून यांच्या डावीकडे गेले.