तात्यांचं बोट

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या गावी, कळसला, त्यांचा थोडा ऊस आणि चार गाई. वडील लवकर गेल्यावर मला इंजिनिअर केलं ते त्यांनीच.

दीड वर्षापूर्वी आमच्या कंपनीचं ॲप दाखवायला मी गावातल्या डेअरीत गेले होते. त्यात जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं बटण होतं, हरभऱ्याएवढं, आणि त्याला खेटूनच ‘रद्द करा’. कौतुकानं तात्याच आधी पुढं आले. पण उसात नि धारा काढण्यात राठ झालेलं त्यांचं बोट दरवेळी ‘रद्द’वरच पडायचं. चौथ्या वेळी लोक हसले... मीही हसले. मीच म्हणाले, “तात्या, बोट जरा बारीक करून या.”

“व्हय बाई, बोटच जाड हाय माझं,” ते ओशाळून म्हणाले आणि मागं जाऊन बसले.

दोष बटणाचा होता हे मला तिथंच कळलं होतं. पण मोठं बटण गावंढळ दिसतं, असा ऑफिसात हट्ट धरणारी मीच. चारचौघांत कबूल करणं जिवावर आलं. पुढं कामाच्या रगाड्यात राहूनच गेलं, असं मी स्वतःला सांगत राहिले.

दहाव्याला गेले तेव्हा न्हाणीच्या कट्ट्यावर तात्यांची टाचा घासायची वजरी दिसली. काकू म्हणाली, “टाचंला न्हाय, रोज बोटाला घासायचं. म्हनायचं, पोरीनं केलंया, मला जमाया पायजे.”

पुण्याला परतल्यावर मी बटणाच्या आजूबाजूला बोट पडलं तरी चालेल असं केलं, ‘रद्द करा’ लांब सरकवलं. एका दुपारचं काम. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ती मी गुमान घेतली.

मागच्या आठवड्यात गावी जाऊन काकूला ते करून बघायला लावलं. तात्यांचा फोन आता तीच वापरते. तिची बोटंही तसलीच. पहिल्याच खेपेला बटण बरोबर दाबलं गेलं. तिनं आपल्या बोटाकडं बघितलं.

“म्हंजी त्यांच्या बोटाचं काय न्हवतंच?”

“न्हवतं, काकू. माझं चुकलं होतं. मला तेव्हाच ठाऊक होतं.”

तिनं पदरानं फोन पुसला आणि तात्या ठेवायचे तसा गोठ्याच्या खिडकीत उपडा ठेवून धारेला बसली.