दोरेवाल्या बाई

रसायनशास्त्राच्या प्रयोगवह्या तपासण्यापलीकडे जिने आयुष्यात फारसे काही लिहिले नाही, तिने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी एखाद्या व्यक्तीचे चित्र रेखाटू पाहावे, हे धाडस आहे. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागते. ज्यांनी बाईंना जवळून पाहिले, त्यांना हे चित्र अपुरे वाटेल. परंतु बरेच दिवस वाट पाहूनही त्यांच्यापैकी कोणी लिहिले नाही, म्हणून हा प्रयत्न.

बाई नागपुरातल्या आमच्या वस्तीतील वाचनालयाच्या ग्रंथपाल. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी कोणत्या कादंबऱ्या घ्याव्यात, हे ठरवणे हे त्यांचे आवडते काम. आणि तरीही ‘पुस्तक कसे वाटले?’ हा प्रश्न त्यांनी कोणत्याही मुलाला कधी विचारला नाही. मी एकदा कारण विचारले, तेव्हा म्हणाल्या, “विचारलं का पोट्टे चांगलंच म्हणतेत. बाईले खूश करा लागते ना त्यायले!”

त्यांची रीत निराळी होती. बाई उमरेडच्या विणकर घरातल्या. भावाने हातमाग केव्हाच उतरवून ठेवला होता आणि तो कोळशाच्या खाणीत लागला होता; पण मागावरच्या उरलेल्या रंगीत दोऱ्यांचा एक डबा बाईंच्या टेबलावर असे. सभासद होताना प्रत्येक मूल आपला रंग निवडी. बर्डीच्या बाजारातला पुस्तकविक्रेता नव्या कादंबऱ्या महिनाभर पसंतीसाठी ठेवून जाई. पाच-सहा मुले त्या तिथेच बसून वाचत आणि उठताना आपला दोरा पानात घालून जात. महिनाअखेरीस बाई दोरे पाहत. दोरे शेवटच्या पानावर पोहोचले असतील तर पुस्तक मुलांच्या कप्प्यात, तिसाव्या पानाशीच निपचित पडले असतील तर परत बर्डीला.

निवृत्तीनंतर मला पुस्तक-निवड समितीवर घेण्यात आले. मी बैठकींत सहसा बोलत नसे. बाईंच्या शिफारशींचे कागद मात्र आवडीने वाचत असे. ‘भूत आहे, पण घरातले वाटते. घ्यावे.’ ‘पहिली वीस पाने उपदेश. नायक भेटेपर्यंत वाचणारा झोपतो.’ एका कादंबरीवर अध्यक्षांनी हरकत घेतली, की तिच्यातील मुलगी आईशी खोटे बोलते, हे मुलांच्या हाती कशाला? बाई शांतपणे म्हणाल्या, “काहून जी? तुमच्या घरचे पोट्टे खरंच बोलतेत का?” अध्यक्षांनी चहा मागवला आणि कादंबरी मंजूर झाली.

मग बाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. त्या महिन्याच्या सात कादंबऱ्यांचा निर्णय त्यांनी माझ्यावर सोपवला. मी वक्तशीरपणे सातही पुस्तके उघडली, दोरे पाहिले, टिपणे लिहिली. वीजकेंद्राच्या कामगार वसाहतीत राहणाऱ्या एका मुलीची कादंबरी त्यांत होती. तिच्यातले तिन्ही दोरे चौऱ्याण्णवाव्या पानावर होते, आणि पाने होती दोनशेच्या वर. मी लिहिले, ‘तिघांनीही अर्ध्यावर सोडली. शिफारस नाही.’ पुस्तक परत गेले.

दोन दिवसांनी प्राची नावाची आठवीतली मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “मॅडम, माझं पुस्तक कुठी गेलं? ज्याच्यात हिरवा दोरा होता ते?”

“ते परत केले. तुम्ही सगळ्यांनी अर्धवट सोडले होते ना?”

“सोडलं नाही जी. दोनदा झालं वाचून. तिथं तिची पोळी जळते न, अन् तिचे बाबा काहीच नाही बोलत, खाऊन घेतात. आम्ही तिघीही तेच पान परत परत वाचून राहिलो होतो.” मग “राहू द्या,” म्हणून ती निघून गेली. तिची आई आदल्या वर्षी वारली होती आणि घरचा स्वयंपाक तीच करत होती, हे मला वाचनालयाच्या लेखनिकाकडून कळले. त्या दिवसानंतर प्राची वाचनालयात आली नाही.

डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या बाईंना मी त्यांच्या घरी जाऊन सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, “तुमी वाचली का ते कादंबरी?”

सातांपैकी एकही मी वाचली नव्हती.

“दोरा फक्त कुठं पाहा लागते, हे सांगते मॅडम. पाहा तर आपल्यालेच लागते.”

ती प्रत सावनेरच्या एका शाळेच्या गठ्ठ्यात गेली होती आणि दुसरी यायला महिना लागेल, असे विक्रेत्याने सांगितले. “महिन्याभरात पोरगी वाचणंच सोडून देईन,” बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी प्रवास वर्ज्य सांगितला असताना दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासोबत एसटीत बसल्या. आमच्या कप्प्यातल्या दोन उत्तम कादंबऱ्या त्यांनी पिशवीत घेतल्या होत्या. मुख्याध्यापकांपुढे त्या ठेवून म्हणाल्या, “हे दोन घ्या सर, अन् ते एक द्या. तुमच्या पोट्ट्यायचा फायदाच आहे.” सर हसले आणि गठ्ठा सोडायला लागले.

परतीच्या बसमध्ये मी वाचायला सुरुवात केली. चौऱ्याण्णवाव्या पानावर आल्यावर मला काही वेळ खिडकीबाहेर पाहावे लागले. बाईंनी मलाही काही विचारले नाही.

पुस्तक प्राचीच्या घरी मीच द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. दार उघडले तेव्हा तिच्या हातांना कणीक लागलेली होती. ओढणीला हात पुसून तिने पुस्तक घेतले आणि माझ्याकडे रोखून पाहिले. “परत तर नाही न नेणार?”

“नाही. मी चुकले होते,” मी म्हणाले. कोणत्याही विद्यार्थिनीला हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकवले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाचनालयात आली आणि आपल्या जागेवर बसली.

बाईंची दृष्टी मात्र पुढे उतरतच गेली. अक्षरे दिसेनाशी झाल्यावर त्यांनी काम सोडले आणि त्या उमरेडला भावाकडे राहायला गेल्या. कप्पा माझ्याकडे आला. “मला जमेल का?” असे मी निरोपाच्या दिवशी विचारले. “लवकर नाही जमणार,” त्या म्हणाल्या. “पण पोरं सांभाळून घेतीन तुमाले.”

महिन्यातून एकदा मी बसने उमरेडला जात असे. माझी प्रकृती, नागपूरचे ऊन, समितीतली भांडणे यांपैकी कशाचीही चौकशी न करता, मी पायरी चढण्यापूर्वीच त्या आतून हाक देत, “या मॅडम! पोट्टे काय वाचून राहिले सध्या?” मला नावानिशी, पुस्तकानिशी सांगावे लागे. एखाद्या मुलाविषयी उत्तर देता आले नाही, तर तो सध्या काय वाचतो, हे मी परतल्यावर आधी शोधत असे.

बाई या उन्हाळ्यात गेल्या. आता हे मला कोणी विचारत नाही. म्हणून, संकोच बाजूला ठेवून, मीच तुम्हाला विचारते : तुमच्या घरातली मुले सध्या काय वाचत आहेत?