गुणवंतीच्या पोटाचा सौदा

गिरगावच्या बाजारात गुणवंती कोळणीचा एकच कायदा होता. गिऱ्हाइकानं पापलेट उलटंपालटं केलं, कल्ले उघडून पाहिले, बोटानं दाबलं, तर त्यानं भाव करायचा. घ्यायचं नसेल तर तसं तोंडानं सांगून जायचं. मुकाट्यानं सटकणाऱ्याच्या सात पिढ्या ती बसल्या जागेवरून उद्धरायची.

वरळीत राहत्या घरी तिला हिवतापानं धरलं आणि बाई इस्पितळाच्या खाटेवर येऊन पडली. आता पापलेट ती स्वतःच होती. रोज सकाळी गोरा डॉक्टरसाहेब शिकाऊ पोरांचं टोळकं घेऊन यायचा. एकेक जण डाव्या बरगडीखाली दाबायचा, इंग्रजीत पुटपुटायचा आणि पुढच्या खाटेकडे वळायचा. आत गोळा आहे एवढं तिच्याही हाताला लागत होतं. तो कापणार की काय, या धास्तीनं तिची झोप उडाली होती. सांगत मात्र कोणी नव्हतं.

एके दिवशी राजापूरच्या रामचंद्र नावाच्या विद्यार्थ्याची पाळी आली. दाबून, मान डोलावून तो साहेबाकडे वळला, तोच गुणवंतीनं त्याचं मनगट पकडलं. सुरमई तोडणारा हात तो; सुटतो कसला.

"पोट माजं, नि सांगतोस सायबाला? मना सांग. कापनार का?"

पुढे तिनं बाजारातली ठेवणीतली भाषा काढली. साहेबानं विचारलं, बाई काय म्हणते? रामचंद्रानं भाषांतर केलं, की बाई आपल्या विद्वत्तेला वंदन करून निदान ऐकू इच्छिते. साहेब म्हणाला, मग सांग की तिला.

"मावशी, तो गोळा म्हणजे तापानं सुजलेली पानथरी. कापायची नाही. ते कडू औषध घेतलं की उतरेल."

गुणवंतीनं मनगट सोडलं आणि हळूच खाटेखालच्या पिकदाणीकडे पाहिलं. इतके दिवस ते सगळं कडू कोयनेल तिथंच जात होतं. कशासाठी प्यायचं हे कोणी बोललं असतं तर ना! तिच्या पाठोपाठ साहेबाची नजरही पिकदाणीत गेली आणि त्यानं कपाळाला हात लावला. बिचारा मात्रा वाढवून वाढवून थकला होता.

त्याच दिवशी साहेबाचा पोरांना हुकूम सुटला: आधी आपलं नाव-गाव सांगायचं, मग दाबायचं, आणि काय सापडलं ते पहिलं बाईला. धडा लांबू लागला, कारण बाई ऐकून गप्प बसणारी नव्हती. पानथरी, म्हणजे प्लीहा, बरगडीखाली किती बोटं आली आहे, ते पोरं मोजत. रामचंद्र म्हणाला, तीन.

"तीन? नीट बग रे."

पुन्हा मोजल्यावर अडीच भरली.

"दोनला सोड, मी घरा जाते."

या खेपेला साहेबाला भाषांतर लागलं नाही. त्यानं एकच बोट वर केलं. गुणवंतीनं त्या बोटाकडे निरखून पाहिलं, गिऱ्हाईक हटणारं नाही हे ओळखलं, आणि नाक मुरडून औषधाच्या पेल्यासाठी हात पुढे केला.