धाकटीचे नखरे

मी माझ्या धाकट्या जावेवर जळत होते. थोडंथोडकं नाही, तिची कुणी तारीफ केली की माझ्या पोटात दुखायचं. हुडकेश्वरच्या घरात आम्ही दोघी एकाच ओट्यापाशी उभ्या राहायचो, एकाच कढईत भाजी ढवळायचो, आणि कौतुक मात्र सगळं तिच्या ताटात.

सुरुवात दुधापासून झाली. दिराची मौद्याच्या कारखान्यातली नोकरी कंत्राटावरची होती. ती पक्की होईपर्यंत दूध सोडते, असं तिनं एक दिवस देवापुढे बोलून टाकलं. आमच्याकडे नवसाला असं काहीतरी सोडायची रीतच आहे. पण माणूस सोडतो काय? मी नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी फणस सोडला होता, जो मला जन्मात कधी आवडला नाही. हिनं दूध सोडलं म्हणजे दही, ताक, पनीर, चहातलं दूध, सगळंच गेलं. आणि घर असं, की अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, "लहानीले पाहा, तीन वर्षं झाली, दुधाचा थेंब नाही तोंडात!" माझ्या फणसाचं नाव कुणी काढत नसे.

त्यात भर म्हणून ती गोरी व्हायला लागली. एका लग्नात चुलत सासू तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "कशी उजळून राहिली वं तू! काय लावते?" सासूबाई म्हणाल्या, "काही लावत नाही, तपाचं तेज आहे ते." मी सदरच्या बाजारातून महागडी क्रीम आणून महिनाभर फासत होते. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

जळणाऱ्या माणसाची नजर मोठी बारीक असते. तिचा नवरा पाहत नव्हता, सासूबाई पाहत नव्हत्या, मी पाहत होते. दिवाळीच्या सुमारास तिनं ठेचा बंद केला. ही बाई भाकरीवर ठेचा थापून खाणारी, ती म्हणायला लागली, जीभ झोंबते. मी मुद्दाम पाहिली तिची जीभ. लालभडक होती आणि काचेसारखी गुळगुळीत. मी मनात म्हटलं, नखरे. संक्रांतीला तिच्या हातून तिळगुळाची परात सुटली. पुढे तिच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, तर सासूबाई स्वतः तेल घेऊन तिचे पाय चोळायला बसल्या. अरे वा! वीस वर्षं या घरात राबले, माझ्या पायांना कुणी बोट लावलं नाही. होळीनंतर पाहिलं, तोंड धुताना डोळे मिटले की ती एका हातानं भिंत धरायची. मी म्हटलं, घ्या, महाराणीला आता तोंड धुवायलाही आधार लागतो. आणि आतून मला जरा बरंही वाटलं, हे कबूल करते. तिचं काहीतरी चुकतंय, एवढंच मला पुरेसं होतं.

मग मे महिना आला, नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. आपल्याकडचं ऊन, भर दुपारी त्या फरशीवर अनवाणी पाऊल टेकवणं म्हणजे तव्यावर टेकवणं. ती कुरडया उलटवत होती. तिच्या उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि ती तशीच पुढे चालत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाकली, दोन कुरडया उलटवल्या, परत फिरली. चेहऱ्यावर काही नाही. मी जिन्याच्या दारात उभी होते. हे नखरे नव्हेत, हे मला तिथं कळलं.

"अवं, चप्पल कुठं आहे तुझी?" मी ओरडले. तिनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई! केव्हा निघाली?" तळव्यावर रुपयाएवढे दोन फोड आले होते.

दुसऱ्या दिवशी मीच हट्टानं तिला दवाखान्यात नेलं. दीरही आले. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, जीभ पाहिली, मग चिमट्यासारखं एक उपकरण वाजवून पायाच्या अंगठ्याला टेकवलं. "थरथर जाणवते का?" तर हिनं विचारलं, "लावलं का तुम्ही?"

रक्ताचा रिपोर्ट घेऊन आम्ही पुन्हा गेलो, दिरांनी दुधाच्या नवसाचं आणि तिच्या उजळण्याचंही सांगितलं. बी-ट्वेल्व्ह जवळपास संपलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या जेवणात हे फक्त दुधातूनच येत होतं, तेही बंद केलंत. हा उजळपणा नाही, रक्त कमी झालंय." मग विचारलं, "हे सगळं कधीपासून?" दीर माझ्याकडे बघायला लागले. तिला स्वतःला नीट आठवेना. आणि मी घडाघडा सांगत सुटले. जीभ दिवाळीपासून, परात संक्रांतीला, मग मुंग्या, भिंत होळीनंतर. बाई लिहून घेत होत्या. "इतकं लक्ष सख्खी बहीण ठेवत नाही," त्या म्हणाल्या. मी खाली मान घातली.

इंजेक्शनं सुरू झाली. रक्त भरून येईल, पण पायांची जाण किती परतेल ते सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. चार-पाच महिने आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

दीर गाडी काढायला पुढे गेले. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती एकेक पायरी उतरत होती. मधल्या वळणावर थांबली.

"ताई, तुम्हाले सगळं दिसत होतं. मग बोलल्या काहून नाही?"

खोटं बोलता आलं असतं. पण तोंडातून खरंच निघालं. "जळत होती मी तुह्यावर."

तिनं माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. एक पायरी ती एकटी उतरली. दुसऱ्या पायरीवर पाऊल कुठं पडलंय ते तिला कळेना, आणि तिनं तो हात परत माझ्या खांद्यावर ठेवला.