टीव्हीवरचं माझं लग्न

मालिकेत माझं लग्न लागलं, तेव्हा गोंदियाजवळ कुडव्याच्या आमच्या घरी दोन आठवडे बाया जमत होत्या. मालिकेतली लग्नं लांबतातच. हळद, मेंदी, रुसवेफुगवे, सगळं ओढून ओढून दाखवतात. आदल्या रात्रीचा भाग दुपारी पुन्हा लागायचा. त्या वेळी गल्लीतल्या बाया मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेऊन टीव्हीसमोर बसायच्या. हात बिड्या वळत, डोळे पडद्यावर. नवरदेवाच्या वेषात मी दिसलो की लग्नाची गाणी सुरू. मी मुंबईहून फोन केला की मागून तो गलका ऐकू यायचा.

"वं बाई, तुया पोट्टा त आगीभोवती फिरून रायला! आपल्यात असं रायते का?" शेजारची मावशी ओरडायची. आम्ही बौद्ध. आमच्याकडे पांढरे कपडे, वंदना, हार, की झालं लग्न.

"नाटक हाय थे. फिरू दे," माय म्हणायची. पण आवाजात हसू असायचं.

ते हसू मला अजून आठवतं, आणि ते ऐकत मी गप्प राहिलो हेही. मुलींकडे माझं मन जात नाही, हे गोंदिया सोडण्याआधीच मला ठाऊक होतं. १९९९ साली, जाण्याआधीच्या दिवाळीत, गावच्या मंडईच्या जत्रेत मी दंडारीच्या लोकनाट्यात बाईचं काम केलं. दंडारीत पुरुषच बाया होतात, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे. मायनंच मला तिचं लुगडं नेसवलं, निऱ्या सारख्या केल्या आणि मागे सरून पाहत म्हणाली, "माह्यापेक्षा तुलेच चांगलं दिसते." किती मजेत होतो आम्ही दोघं त्या दुपारी! तेव्हाच सांगता आलं असतं. पुढे मुंबईत लहान कामं मिळाली, मग मोठी, मग नायकाची. दर सुट्टीत सांगायचं ठरवून यायचो आणि न सांगताच परतीच्या गाडीत बसायचो.

शेवटी एका वाहिनीच्या मुलाखतीत बोलून गेलो, मी समलिंगी आहे. फार हलकं वाटलं. स्टुडिओच्या पायऱ्या उतरताना मात्र लक्षात आलं, की कुडव्यात त्याच बाया सूप घेऊन हे पाहायला बसणार, आणि त्यांच्यात माय असणार. मुलाखत लागायच्या आदल्या सकाळी गोंदियाला उतरलो.

माय दारात बिड्यांसाठी ओला तेंदूपत्ता कापत बसली होती. चहा घेण्याआधीच सांगून टाकलं.

"माय, मी लगन करनार नाही. माहं मन पोरीइवर नाही जात. पोट्ट्याइवर जाते."

तिची कात्री थांबली नाही. पानं कापता कापताच म्हणाली, "मंग त्या लगनात एवढा हासून कायले रायला होता?"

"नाटक होतं ना, माय."

"मले वाटलं, खुश हायेस."

उद्या टीव्हीवर हेच लागणार आहे, तेही सांगितलं. तेव्हा मात्र ती भडकली.

"मले सांगाच्या आधी टीव्हीवाल्याइले सांगतलास?"

"चुकलो, माय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "ऊठ. बाया का उद्या टीव्हीतून आयकतीन? चाल, आजच सांगतो त्याइले."

मावशीच्या ओसरीवर चार-पाच जणी बिड्या वळत होत्या. मायनं उभ्या उभ्याच सांगितलं. मग मावशी म्हणाली, "मंग आमी एवढे गाने कायले म्हटले वं?"

"कोनं सांगतलं होतं तुमाले?" माय म्हणाली.

दोघी हसल्या. एक उठून गेली, ती पुन्हा कधी आमच्या घरी आली नाही. पुढे नायकाची कामंही थांबली. मोठ्या भावाची, वकिलाची मिळू लागली. त्यावरच माझं चाललं आहे.

पण त्या दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी सूप घेऊन आली, बाकीच्याही आल्या. मुलाखत सुरू झाली तसा मी हळूच बाहेर निघालो.

"बस," माय म्हणाली, आणि तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.