व्हर्नाबाईंच्या नाकावरची माशी

ओक्लाहोमातल्या आपल्या मळ्यावर एकट्या राहणाऱ्या व्हर्ना टॅकेट गाडीत परवान्याचं पिस्तूल बाळगत. पोलिसाने अडवलं तर हात पिस्तुलाकडे चाललाय असं त्याला वाटू नये म्हणून हात स्टिअरिंगवरून हलवायचे नाहीत आणि आधी पिस्तुलाचं सांगून टाकायचं, हे त्यांनी पक्कं घोकलं होतं. एका रविवारी चर्चला उशीर झाला म्हणून त्यांनी गाडी जरा पळवली, आणि हवालदार प्रुइटने ती थांबवली.

"साहेब, पुढच्या कप्प्यात पिस्तूल आहे. परवाना आहे. आणि माझे हात हे इथे."

"सांगितलंत ते बरं केलंत. हात तसेच राहू द्या. गाडीचे कागद?"

"तेही त्याच कप्प्यात."

प्रुइटने डोकं खाजवलं. "हलू नका, मीच काढतो." तो पलीकडच्या दाराने वाकला, तेवढ्यात बाईंच्या नाकावर माशी बसली.

"साहेब, माशी! हात उचलू?"

"नको, नको!"

"मग तुम्ही हाकला. नाहीतर मी शिंकेन, आणि तुम्हीच दचकाल."

प्रुइटने निमूटपणे टोपी काढून वारा घातला. माशी उडाली आणि दोघंही खो खो हसत सुटली. कागद पाहून त्याने बाईंना नुसती समज देऊन सोडलं.

चर्चमध्ये बाई पोचल्या तेव्हा प्रवचन संपत आलं होतं. "उशीर का?" शेजारणीने कुजबुजत विचारलं.

"सरकार मला वारा घालत होतं," बाई म्हणाल्या.