बॉयलरकाकांचं दार

आमच्या लाँड्रीतले बॉयलरकाका एक नंबरचे भित्रे. एकवीस वर्षं वाफेजवळ काढली, तरी दाबाचा काटा जरा पुढे सरकला की ते चार पावलं मागे सरायचे. सगळ्यात जास्त धास्ती इस्त्रीच्या खोलीच्या दाराची. आत अकरा बायका, डोक्यावर वाफेचा पाइप आणि एकुलतं एक दार, तेही आत उघडणारं आणि काम चालू असताना लावून ठेवायचा नियम. पळापळ झाली तर पुढची दारावर रेटली जाणार आणि दार उघडणारच नाही. त्या अकरांत माझी अक्काही होती.

काकांनी अर्ज केला, दार बाहेर उघडणारं करा. साहेबांनी त्यावर इंग्रजीत एकच शब्द लिहून तो परत पाठवला. काका कागद घेऊन ऑफिसात माझ्या टेबलाशी आले.

"इम्प्रॅक्टिकल," मी वाचलं. "म्हणजे ऐकायला ठीक, पण प्रत्यक्षात न जमणारं. व्यवहार न कळणाऱ्या माणसालाही म्हणतात."

"करून बघितल्यावर लिहितात का असं?"

"छे. करून बघावं लागू नये म्हणूनच लिहितात."

दुसऱ्या दिवसापासून बॉयलर पेटवण्याआधी काका बिजागऱ्यांच्या पिना काढून अख्खं दार बोळात उभं करू लागले. संध्याकाळी पुन्हा बसवायचे. साहेब तिकडे फिरकायचेच नाहीत. आम्ही काकांची यथेच्छ टर उडवली, मी तर सगळ्यांत पुढे. आज त्याची लाज वाटते.

तीन महिन्यांनी पाइप फुटला. वाफेत काही दिसेना. मी बोळात बाहेर पडणाऱ्या बायका मोजत होते. दहा झाल्या आणि पुढे कुणी येईना. मी पुन्हा मोजल्या, दहाच. मग अक्का आली, तिच्यामागून व्हॉल्व्ह बंद करून काका, दोन्ही हात भाजलेले.

काका अजून घरीच आहेत. साहेबांनी चौकशी केली ती दार जागेवर का नव्हतं याची. मग तेच दार परत बसवलं आणि पिना निघू नयेत म्हणून वरून वेल्डिंग मारून घेतलं.

आज खोली पुन्हा सुरू झाली.

"अक्का, तू जाऊ नकोस," मी म्हटलं. "दुसरं काहीतरी बघू."

"वेडी आहेस का? दुसरं कुठे ठेवलंय? घर कसं चालायचं?" तिने बाह्या वर सारल्या.

भीती वाटते, हे काही कारण होत नाही. ती आत गेली, पाठोपाठ बाकीच्या दहाजणी गेल्या आणि शेवटच्या बाईने नियमाप्रमाणे दार लावून घेतलं.